त्याच्या नावाने साफ केलेला काठ

प्रभाकर गेल्याची बातमी मोबाइलवर आली, ती चित्रासकट. आमच्या वसाहतीतल्या निसर्ग मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि फोटोभोवती फिकट जांभळ्या फुलांची चौकट. फुले देखणी होती. ती जलपर्णीची होती. पाण्यावर हिरवी सतरंजी पसरून खालचे सगळे गुदमरवणारी ही परदेशी वनस्पती प्रभाकरने निवृत्तीनंतरची कित्येक वर्षे गुडघाभर चिखलात उभे राहून हाताने उपसली होती. ज्याने चौकट केली त्याने ‘पाण्यातली फुले’ असे काही शोधले असावे आणि जे सर्वांत चांगले दिसले ते उचलले असावे. त्यात वाईट हेतू नव्हता. हे वाक्य पुढेही लिहावे लागणार आहे, म्हणून ते सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

माघातली सकाळ होती. प्रभाकरच्या पत्नी सुलभावहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा तो मागच्या अंगणात हौदाच्या कडेला, पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसला होता. चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हाही तो तिथेच होता, फक्त डोके हौदाच्या भिंतीला टेकलेले होते. “डुलकी लागली असं वाटलं,” वहिनी म्हणाल्या. “मी आधी कप खाली ठेवला. मग हाक मारली...” डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असे लिहून दिले. त्याआधी त्याने छातीत दुखल्याची तक्रार केल्याचे कुणाला आठवत नाही. तक्रारी तो भरपूर करायचा, पण त्या दुसऱ्यांबद्दल असायच्या.

प्रभाकर आणि मी पंचवटीतल्या एका शाळेत एका बाकावर होतो. त्याचे घराणे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्यांचे. मोठा भाऊ आजही ते काम करतो. प्रभाकरला त्यात रस नव्हता. तो आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये लागला आणि तिथूनच फोरमन म्हणून निवृत्त झाला. यंत्राचा भाग नेमका कुठे झिजतो आणि तिथेच का झिजतो, हे शोधण्यात त्याची नोकरी गेली. स्वभाव त्याच कामाचा झाला होता. चूक दाखवताना समोरच्याला काय वाटेल याचा विचार तो करत नसे. मित्र म्हणून तो सोयीचा नव्हता. त्याच्याकडे गेले की पहिली दहा मिनिटे आपल्या पेपरातल्या चुका ऐकाव्या लागत. “काय पेपरवाल्या, काल धरणाचं पाणी ‘क्युसेकने भरलं’ म्हणे? क्युसेकने भरत नाही रे, क्युसेकने वाहतं,” अशी सुरुवात असायची. मग चहा.

निवृत्तीनंतर तो मंडळात आला. मंडळ म्हणजे वसाहतीतले पंधरा-वीस सज्जन. रविवारी सकाळी कुठल्यातरी पाण्याच्या काठी जायचे, प्लास्टिक गोळा करायचे, पोहे खायचे आणि परत यायचे. अशाच एका रविवारी शहराच्या पश्चिमेला एका धरणाच्या फुगवट्यावर सगळे गेले असताना प्रभाकरच्या डोळ्यांसमोर कपाटाएवढा काठ सुटून पाण्यात पडला. बाकीच्यांनी ‘अरेरे’ म्हटले. हा मात्र तिथेच बसून राहिला, आणि पुढे दर आठवड्याला एकटाच जायला लागला. त्याच्या लक्षात आले ते साधेच होते. धरणाचे पाणी पावसाळ्यात वर चढते आणि उन्हाळ्यापर्यंत खाली उतरत जाते. वरची रेघ आणि खालची रेघ यांच्यामधला पट्टा अर्धे वर्ष बुडालेला, अर्धे वर्ष उघडा. तिथे पूर्वी लव्हाळा होता, पाणकणीस होते, वाळा होता, आणि मुळांनी माती धरलेली होती. माती उचलून नेणाऱ्यांनी, म्हशींनी आणि नंतर बेशरमाच्या झुडपांनी ते सगळे संपवले. आता लाट थेट उघड्या मातीवर आपटते. “झीज आहे ही,” तो म्हणाला होता. “यंत्राला अस्तर नसेल तर होते तशी. अस्तर परत घालायचं, बास.”

अस्तर घालायचे म्हणजे काय, हे त्याने स्वतः शोधून काढले. पंचवटीतल्या देवळांसमोर नारळांच्या शेंड्यांचे ढीग पडतात. ते तो पोत्यात भरून आणायचा. कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे फाटकी तागाची बारदाने टाकून दिलेली असतात; ती विंचूरहून यायची. बारदान उसवून त्यात काथ्या ठासून भरायचा, मधे मधे लव्हाळ्याचे कंद रोवायचे, आणि गुंडाळून सुतळीने शिवायचे. याला तो वळकटी म्हणायचा. वळकटी हौदात ओल्या चिखलावर ठेवायची. काही महिन्यांत मुळे तागातून बाहेर येतात, सगळे एकजीव होते. मग ती उचलून काठावर आडवी घालायची आणि बांबूच्या खुंट्यांनी पक्की करायची. ताग आणि काथ्या यथावकाश कुजून जातात, तोवर मुळांनी माती धरलेली असते. शिवण्याचे काम सुलभावहिनींचे होते. दाभण त्यांच्या हातात चांगले चालायचे. प्रभाकर शिवायचा तेव्हा टाके मोजून मापून घालायचा आणि अर्ध्यात कंटाळायचा. “टूल रूमचे साहेब,” वहिनी म्हणायच्या, “एका गोधडीला एक पंचवार्षिक योजना लागेल तुमची. द्या इकडे.”

रोपे बाहेरून आणायची नाहीत, हा त्याचा हट्ट होता. ज्या पाण्याच्या काठावर लावायचे त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथे थोडेफार जुने उरले आहे, तिथूनच कंद आणि बी आणायचे. मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब यांनी एकदा प्रेमाने टेम्पोभर कर्दळ पाठवून दिली. बाळासाहेब बांधकाम व्यवसायातले. हात सैल, आवाज मोठा, माणूस मदतीला धावणारा. प्रभाकरने टेम्पो दारातूनच परत पाठवला. पुढच्या बैठकीत बाळासाहेबांनी विचारले, “प्रभाकरराव, कर्दळीनं तुमचं काय बिघडवलं होतं? लाल, पिवळी, किती छान दिसली असती.” प्रभाकर म्हणाला, “तुम्हाला नदीचा काठ बेसिनसारखा हवाय, बाळासाहेब. चकचकीत, आणि कडेला एक फुलदाणी.” काही जण हसले. बाळासाहेब हसले नाहीत. पण कर्दळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि प्रभाकरशी बोलणेही बंद केले नाही. हेही नोंदवायला हवे.

पहिले वर्ष वाया गेले. श्रावणात पाणी भरलेले असताना त्याने वळकट्या काठावर घातल्या. महिनाभर सगळे हिरवेगार दिसले. दिवाळीनंतर पाणी उतरले आणि वरची रांग उभ्या उभ्या वाळली. हौदात कायम पाण्यात वाढलेल्या रोपांना पाणी जाणे ठाऊकच नव्हते. खालची रांग रंगनाथच्या म्हशींनी खाल्ली. रंगनाथ तिथला शेतकरी. त्याची जमीन थेट काठाला लागून, आणि दरवर्षी तिचा एक तुकडा पाण्यात जाणारा. तो पहिल्यापासून या उद्योगाकडे करमणूक म्हणून बघत होता.

“काय लावता म्हणं साहेब?” त्याने पहिल्या दिवशी विचारले होते.

“लव्हाळा.”

“लव्हाळा?” रंगनाथ खाली बसला. “आमच्या बापानं जलमभर उपटला, मी उपटतोय, आन् तुम्ही गाडी करून लावाया येता? लय भारी. माझ्या कांद्यातला घिऊन जा की. उलट मीच चहा पाजतो.”

“तुझ्या कांद्यातला नको. तो बुडाला की मरतो. हा बुडून राहतो.”

म्हशींनी रांग खाल्ली त्या दिवशी प्रभाकर त्याच्या अंगावर धावून गेला. रंगनाथ शांत होता. “म्हशीला काय ठावं साहेब, तुमची वळकटी हाय ते? तिला वाटलं, नाशकाहून कुणीतरी डबा घिऊन आलंय.” प्रभाकरने हे मला सांगितले ते चिडून. सांगता सांगता त्याला हसू आले, आणि ते आवरता न आल्यामुळे तो आणखी चिडला.

त्यानंतर त्याने रोपांना पाणी उतरण्याची सवय लावायला सुरुवात केली. हौदाच्या तळाशी एक बूच बसवले. होळीनंतर दर काही दिवसांनी ते सैल करून थोडे पाणी सोडायचे, रोपांची पाने कुठे पिवळी पडतात ते बघायचे, थांबायचे, पुन्हा थोडे सोडायचे. शेवटी हौदात नुसता ओला चिखल उरायचा आणि ऊन वरून भाजायचे. मग एकदम हौद काठोकाठ भरून रोपे बुडवायची. यातून जी वाचतील ती ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, उघड्या काठावर न्यायची. किती सोडायचे आणि कधी थांबायचे, हे तो हौदाशी बसून ठरवायचा. शेजाऱ्यांना त्याच्या हौदातून डास येतात अशी शंका होती. त्याने तळ्यातले बारके मासे आणून सोडले आणि शेजाऱ्यांना ते बघायला बोलावले. कुणी आले नाही. तक्रार मात्र थांबली.

दुसऱ्या खेपेच्या वळकट्या टिकल्या. रंगनाथने म्हशी दुसऱ्या वाटेने न्यायला सुरुवात केली. कारण कुणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्याच्या पाणी उपसायच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाशी, दर पावसाळ्यात गाळ भरायचा, तो त्या वर्षी भरला नाही, एवढे नंतर त्याच्या बोलण्यात आले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पलीकडचा उघडा काठ पडत राहिला, हा तुकडा जागचा हलला नाही. मधे पाणकोंबड्या आल्या. टिटवीने अंडी घातली. प्रभाकरला पक्ष्यांचे कौतुक बेताचेच होते. त्याचे लक्ष मातीकडे होते. तिसरा पावसाळा त्याच्या लेखी कसोटीचा होता; तोवर ताग-काथ्या पुरते कुजलेले असणार आणि काठ केवळ मुळांवर उभा राहणार. “तिसऱ्या पावसाळ्याला मी हात लावणार नाही,” तो म्हणायचा. “माझ्याशिवाय टिकलं तर टिकलं. नाहीतर मी तिथं नुसती सजावट केली.” त्याला एवढेच हवे होते... काठाने त्याला विसरावे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याने मला तिथे नेले होते. आम्ही बांधावरून उतरलो, गवतातून चालत पाण्याच्या कडेला आलो. मी विचारले, “तुझं काम कुठल्या बाजूला आहे?”

“पेपरवाल्या, तू त्याच्यावरच उभा आहेस.”

मी खाली पाहिले. लव्हाळा, चिखल, पाणी. सगळीकडे असते तसे.

“आता पाय उचल,” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर तेवढे समाधान मी शाळेपासून पाहिले नव्हते. लावलेले दिसले तर फसले, असे त्याचे मत होते. वहिनी मात्र पहिल्यापासून पाटी लावा म्हणत होत्या. “इथे लागवड केली आहे, हात लावू नये, एवढंच लिहा. माणसांना कळायला नको का?” त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असायचे. पाटी लावली की लोक बघायला येतात, लोक आले की त्यांना बसायला बाक लागतो, बाक आला की वाट लागते आणि वाट आली की काठ जातो. मंडळालाही त्याने नेमकी जागा कधी दाखवली नाही. रविवारच्या फेरीत तो एवढेच बजावायचा की प्लास्टिक उचला, गवताला हात लावू नका. “गवताचं एवढं काय हो, प्रभाकरराव?” असे कुणीतरी म्हणायचे. तो समजावून सांगायचा नाही. समजावून सांगणे त्याच्या स्वभावात नव्हते. ‘तुम्हाला नाही कळायचं’ हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या जणांना ऐकवले होते की शेवटी खरोखरच कुणाला काही कळले नाही.

शोकसभा वसाहतीच्या हॉलमध्ये झाली. चांगली झाली. बाळासाहेब मनापासून बोलले. प्रभाकररावांचे माझ्याशी पटत नव्हते, पण नदीवर त्यांच्याएवढे प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही, असे ते म्हणाले. शेवटी त्यांनी जाहीर केले की केवळ भाषणे करून हे मंडळ थांबणार नाही. महिनाभराने, प्रभाकररावांच्या आवडत्या त्या काठावर, त्यांच्या स्मरणार्थ महास्वच्छता मोहीम होईल. टाळ्या वाजवायच्या की नाही असा संभ्रम झाला, मग कुणीतरी वाजवल्या. वहिनींना मोहिमेच्या समारोपाला सन्मानाने बोलावले गेले. स्वच्छता म्हणजे प्लास्टिक, असे त्यांनी गृहीत धरले, आणि मीही. मंडळाची स्वच्छता आजवर तेवढीच होती.

मोहिमेच्या दिवशी मी सटाण्याला एका लग्नात होतो. पुढचे सुलभावहिनी, रंगनाथ आणि बाळासाहेब या तिघांकडून ऐकून, एकाचे दुसऱ्याशी पडताळून लिहितो आहे. तिघांच्या सांगण्यात तपशिलाचा फरक नाही.

फाल्गुन होता. पाणी उतरलेले होते आणि काठावरचा लव्हाळा दरवर्षी या दिवसांत होतो तसा वरून पूर्ण वाळून तपकिरी पडला होता. खाली कंद जिवंत असतात, पण ते कळायला खाली बघावे लागते. त्या दिवशी नेहमीच्या पंधरा-वीस माणसांऐवजी दीडशेच्या आसपास लोक आले. एका महाविद्यालयाची मुले होती. सगळ्यांना प्रभाकरचे नाव छापलेल्या टोप्या वाटल्या होत्या. काठावर खुर्ची ठेवून त्याचा हार घातलेला फोटो मांडला होता. एका ठेकेदाराने मोफत जेसीबी दिला होता. प्लास्टिक तासाभरात संपले. एवढी माणसे, एवढा उत्साह, आणि समोर वाळके, विस्कटलेले गवत. बाळासाहेबांनी हात करून पट्टा दाखवला आणि जेसीबीच्या दातांनी तो खरवडायला सुरुवात झाली. खरवडल्यावर मातीतून अर्धवट कुजलेली बारदाने वर आली. काथ्याचे पुंजके आले, सुतळ्या आल्या, बांबूचे तुकडे आले. पाहणाऱ्यांना धक्का बसला. वर्षानुवर्षे लोक इथे पोती आणून टाकत होते, असे सर्वांचे मत पडले. मुलांचा जोर वाढला. कमरेत वाकून, चिखलात हात घालून, ती पोती ओढून ओढून बाहेर काढायला लागली. एक ट्रॉली भरली. तिच्यासमोर फोटो काढले गेले.

वहिनी समारोपाला गाडीतून उतरल्या तेव्हा बाळासाहेब त्यांना घ्यायला पुढे आले. “वहिनी, हे बघा,” ते ट्रॉलीकडे हात करून म्हणाले, “केवढा कचरा निघाला! प्रभाकरराव असते तर...”

वहिनी ट्रॉलीपाशी गेल्या. वरच्याच बारदानावर त्यांचे टाके होते. दाभणाचे टाके प्रत्येकाचे वेगळे पडतात. त्यांचा दुसरा टाका नेहमी थोडा तिरपा जातो. त्यांनी हात लावून पाहिला. मुळे ओली होती.

“हो,” त्या म्हणाल्या.

मग त्यांना शाल आणि श्रीफळ दिले गेले. त्यांनी ते घेतले. चार शब्द बोलण्याची विनंती झाली तेव्हा त्यांनी हात जोडले. लोकांना वाटले, दुःख अनावर झाले. सपाट झालेल्या पट्ट्यावर सिमेंटचा बाक बसला होता, पाण्याकडे तोंड करून, पाठीवर प्रभाकरचे नाव. बाजूला गुलमोहराची दोन रोपे. नारळ वहिनींच्या हस्ते फुटला. दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर चार ओळींची बातमी आली. दिवंगत निसर्गप्रेमीच्या स्मरणार्थ काठ स्वच्छ. ट्रॉलीभर कचरा संकलित. युवकांचा उत्स्फूर्त सहभाग. आयुष्यभर बातम्या तपासण्याचे काम केलेल्या माणसाच्या नजरेने मी ती वाचली. तिच्यात काढून टाकावे असे एकही वाक्य नव्हते.

त्या आठवड्यात मी रंगनाथला भेटलो. तो बांधावर बसला होता. समोर खरवडलेला पट्टा उन्हात तडकायला लागला होता.

“तुम्ही होता ना इथे?” मी विचारले.

“व्हतो की.”

“मग सांगायचं त्यांना.”

“म्हस असती तर हाकलली असती,” तो म्हणाला. “ह्यांच्याकडं साहेबाचा फोटू व्हता. डोक्यावर साहेबाचं नाव. मला वाटलं, साहेबच सांगून गेला आसंल काढा म्हणून. त्याचा काय भरोसा? कवा काय लावील, कवा काय काढील. मला वाटलं, काहीतरी चुकलं आसंल त्याचं, म्हणून काढून घेतोय.”

प्रभाकरने त्यालाही कधी पुरते समजावून सांगितले नव्हते.

बाळासाहेबांना हे सांगणे भाग होते. त्यांच्या कार्यालयात जाऊन मी सगळे क्रमाने सांगितले. त्यांचा चेहरा उतरला, ते उठून खिडकीशी गेले. “पण मग एक पाटी तरी लावायची ना हो,” ते म्हणाले. आवाजात राग होता आणि तो अनाठायी नव्हता. “आम्हाला काय स्वप्न पडणार होतं? माणूस शेजारी राहतो, दर रविवारी बरोबर पोहे खातो, आणि सांगत नाही...” थोड्या वेळाने ते टेबलाशी परत आले. सावरले होते. “हरकत नाही. पुन्हा लावू. मंडळ खर्च करील, तो प्रश्न नाही. ही रोपं कुठल्या नर्सरीत मिळतात, तेवढं बघून सांगा. पावसाळ्याच्या आत करून टाकू.” मी सांगितले की ती कुठल्याच नर्सरीत मिळत नाहीत. “असं कसं?” ते म्हणाले. “पुण्याला मिळत असतील.”

मागच्या अंगणातल्या हौदात या वर्षीच्या वळकट्या आहेत. प्रभाकरने त्या गेल्या हिवाळ्यात भरल्या होत्या, वहिनींनी शिवल्या होत्या. त्या कुठे घालायच्या हे त्याने ठरवले असेल तर कुणाला माहीत नाही. चैत्रात रंगनाथ घरी आला, हातात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन. प्रभाकर गेल्यानंतर तो पहिल्यांदाच येत होता. चपला काढून अंगणातच उभा राहिला. पलीकडच्या माझ्या बांधाला लावतो म्हणाला, आहे तेवढ्या द्या. खरवडलेल्या पट्ट्याला आता भेगा गेल्या आहेत, यंदाच्या पाण्यात तो धरायचा नाही आणि त्याच्यामागे माझं वावर आहे, हे त्याने सरळ सांगितले. उपकाराची भाषा कुणाच्याच बाजूने नव्हती.

“अजून तयार नाहीत,” वहिनी म्हणाल्या.

“कवा व्हतील?”

“ज्येष्ठात. आधी पाणी उतरवावं लागतं.”

रंगनाथ गेल्यावर त्या हौदाशी जाऊन बसल्या. होळीपासून त्या अंदाजाने बूच सैल करत आल्या आहेत. किती पाणी सोडायचे, कधी थांबायचे, हे प्रभाकरने कधी सांगितले नाही आणि त्यांनीही कधी विचारले नाही. शिवणे त्यांचे, पाणी त्याचे, अशी विभागणी होती. हौदात आता बोटभर पाणी उरले आहे. पानांची टोके पिवळी पडली आहेत.

“हे सवय लागतेय म्हणून पिवळं आहे,” वहिनी म्हणाल्या, “की मरतायत म्हणून, ते मला कळत नाही. ते नुसतं बघून सांगायचे.” त्यांनी एक पान बोटांत धरले, वाकवले, सोडून दिले. “तुम्हाला कळतं का काही?”

मी नाही म्हणालो.

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून नळावरून तांब्या भरून आणला आणि पाणी परत हौदात ओतले.